सत्ताविसाव्या नमुन्याचं काडतूस

दुकानातली काडतुसं आता पुरे, आपली काडतुसं आपण घरी भरायची, हा निर्णय मी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दात घासताना घेतला. (माझे बहुतेक निर्णय तोंडात फेस असताना होतात. त्या वेळी बायकोच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.)

कारण आमच्या कॅम्पच्या भिंतीवर टांगलेलं होतं. कॅम्प म्हणजे माझे सासरे ऑनी कांगस यांची जंगलातली लाकडी खोली. चार बाकडी, एक शेगडी, मागे सौना, म्हणजे वाफारा घ्यायची खोली. हरणांच्या मोसमात ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव-साल घालून भिंतीला ठोकायचं, हा तिथला नियम. त्या टोकाला आम्ही शेपूट म्हणतो. इतरांची शेपटं अधूनमधून दिसतात. माझी चार आहेत, सलग चार वर्षांची, ओळीने. हेल्मी, म्हणजे माझी बायको, दर वर्षी त्या शर्टांना खालून जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड जोडून देते. त्यामुळे मी रस्ते खात्याच्या कचेरीत पँटचा पट्टा कायम घट्ट बांधून बसतो.

गेल्या नोव्हेंबरात चौथं शेपूट ठोकताना सासरे म्हणाले, "जावईबापू, पाचवं लागलं की तुमचं मचाण हेल्मीला. तुम्ही आपली शेगडी सांभाळा."

"मी अॅप्रन आणतो," माझा मेहुणा लॉयड म्हणाला. सगळे पोट धरधरून हसले. मीही हसलो, पण मनातून फार लागलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. त्या घराण्यात माझं म्हणावं असं काही असेल तर ते देवदाराच्या दलदलीच्या कडेला असलेलं ते मचाण. ते गेलं की मी नुसता बटाटे सोलणारा.

मी सगळा हिवाळाभर विचार केला आणि दोष काडतुसांचा आहे अशा निष्कर्षाला आलो. (बंदुकीत दोष काढण्याची सोय नव्हती. ती सासऱ्यांनी दिलेली होती.)

झालं. फडताळातल्या मुरंब्याच्या बरण्या हलवून तिथे मी दाबयंत्र बसवलं. वापरलेली पितळी पुंगळी धुवायची, तिच्या बुडात नवी टोपी बसवायची, आत दारू मोजून घालायची, तोंडाशी गोळी दाबायची. एवढंच काम. पण प्रत्येक बंदुकीला कुठली गोळी आणि किती दारू मानवते हे देवालाच ठाऊक. तिच्या कलाने घेत घेत शोधावं लागतं. दारू तोलायचा काटा तर इतका नाजूक, की हेल्मीने फ्रिज उघडला तरी तो डोलायचा.

"हेल्मी, फ्रिज!"

"अरे, दूध नको काढू?"

"सात मिनिटांनी काढ."

"शिंकू तरी का?"

"बाहेर जाऊन."

ती खरंच अंगणात बर्फात जाऊन शिंकली. आत येऊन एवढंच म्हणाली, "आमचे बाबा पेट्रोल पंपावरून काडतुसं घेतात."

"म्हणून तर!" मी म्हणालो. म्हणून तर काय, ते मलाही माहीत नव्हतं. सासऱ्यांचा नेम चुकलेला कुणी पाहिलेला नाही.

मी जातीचा कारकून. वही आखली. नमुना क्रमांक, गोळी, दारू, वारा, थंडी, शेरा. दर शनिवारी खडीच्या खाणीत जाऊन शंभर पावलांवर कागद लावायचा आणि प्रत्येक नमुन्याच्या तीन गोळ्या झाडायच्या. पहिल्या नमुन्याच्या तीन गोळ्या तीन गावांना गेल्या. नववा नमुना जरा बरा निघाला. चौदाव्याच्या वेळी तिन्ही भोकं शेजारी शेजारी पडली, पण शेजारच्या कागदावर. शेरे वाढत गेले, मुरंबा तळघरात गेला, लग्नाचा वाढदिवस एकोणीस आणि वीस या नमुन्यांच्या मधे कुठेतरी निघून गेला. (वहीत त्या दिवशी 'वारा प्रतिकूल' असा शेरा आहे.)

ऑगस्टमध्ये माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गोळी पुंगळीत नेहमीएवढी खोल दाबायची नाही. थोडी बाहेर ठेवायची, म्हणजे तिचं नाक बंदुकीच्या नळीतल्या आट्यांना जाऊन टेकतं आणि ती सरळ सुटते. पुस्तकात याविषयी तळाला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. पण बारीक अक्षर आम्ही कारकून लिहितो, वाचत नाही.

सत्ताविसावा नमुना! तीन गोळ्या, आणि तिन्ही भोकं माझ्या अंगठ्याखाली झाकली गेली. मी खाणीत एकटाच ओरडलो. तो कागद घडी करून पाकिटात ठेवला. लॉयडला दाखवला, टपालवाल्याला दाखवला, प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवांनाही दाखवला. ते म्हणाले, "छान. काय आहे हे?"

हे काडतूस लांब झाल्यामुळे बंदुकीच्या पेटीत मावत नव्हतं. एकेक हाताने नळीत सारावं लागायचं, आणि तेही जरा जोर लावून. म्हटलं, आपल्याला एकच तर झाडायची आहे. सहा काडतुसं भरली, पुसली, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळली.

पंधरा नोव्हेंबर. मोसमाचा पहिला दिवस. उजाडायच्या सुमारास मी मचाणावर चढलो आणि सत्ताविसावा नमुना नळीत सारला. हेल्मी त्या वर्षी वडिलांची जुनी बंदूक घेऊन पलीकडच्या ओंडक्यावर बसली होती. जागा गेलीच तर लगेच ताब्यात घेता यावी, असं लॉयडचं म्हणणं.

थंडी मरणाची होती, म्हणून मी तीन पेले कॉफी प्यालो. त्या कॉफीने साडेआठला आपला हक्क मागितला. खाली उतरणं भाग होतं. आता भरलेली बंदूक घेऊन मचाण चढायचं-उतरायचं नाही, हा सासऱ्यांचा कडक नियम, आणि नियम म्हटला की मी मोडत नाही. मी बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता खटका, मागे ओढला.

पुंगळी बाहेर आली. एकटीच.

गोळी नळीच्या आट्यांत रुतून बसली होती आणि आतली दारू, नऊ महिने मी जिला श्वास रोखून तोललं ती दारू, भुर्रकन बंदुकीच्या यंत्रात, माझ्या मांडीवर आणि उरलेल्या कॉफीत सांडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की खाणीत मी भरलेलं प्रत्येक काडतूस झाडलं होतं. न झाडता परत काढायची वेळच आली नव्हती. खिशात आणखी पाच काडतुसं होती, पण तुंबलेल्या नळीत दुसरं काडतूस झाडू नये एवढं मलाही कळतं.

मी पुंगळीकडे बघत होतो तेवढ्यात दलदलीतून नर बाहेर आला.

दहा टोकांची शिंगं. वीस पावलांवर. तो उभा राहिला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि देवदाराचा पाला खायला लागला. मी घड्याळ बघितलं, तो अकरा मिनिटं खात होता. एकदा तर त्याने बाजू बदलून दुसरी कूस दाखवली. मला रडू येत होतं आणि हलता येत नव्हतं, आणि ज्या कामासाठी उतरणार होतो ते काम तर कुणासाठी थांबत नसतं. शेवटी तो सावकाश ओंडक्याच्या दिशेने चालता झाला.

धडाम! एकच आवाज.

मी पोचलो तेव्हा हेल्मी बंदूक बगलेत धरून उभी होती. "लागली बाई!" ती म्हणाली. "बाबांच्या ट्रकमध्ये ती काडतुसं किती वर्षं पडली होती कोण जाणे, डब्यावर कॉफीचे डाग होते." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "अरे, तू कशात पडलास?"

दुपारी कॅम्पमध्ये खटला उभा राहिला. सासरे कात्री घेऊन बाकड्यावर बसले. त्यांनी सळई घालून माझी नळी मोकळी केली होती आणि ती गोळी टेबलावर ठेवली होती.

"पाचवं शेपूट!" लॉयड म्हणाला. "वीस पावलांवर, अकरा मिनिटं! अॅप्रन गाडीत आहे, आणू?"

"पण मी गोळी झाडलीच नाही," मी म्हणालो. "नियम नेम चुकल्याचा आहे. न झाडलेली गोळी चुकेल कशी?"

हेल्मीने माझ्या शर्टाकडे बघून सुस्कारा सोडला. "बाबा, सोडा त्याला. पडद्याचं कापड संपलंय."

सासऱ्यांनी बराच वेळ टाळू खाजवली. मग कात्री खाली ठेवली. "जावई बरोबर बोलतोय. नेम चुकलेला नाही. शेपूट शर्टालाच राहील, मचाणही राहील."

मला इतका आनंद झाला की मी लॉयडला मिठी मारली. त्याच वेळी शेजारच्या कॅम्पचा लिओ तुरुनेन शिंगं बघायला आत आला. त्याला सगळी हकीकत सांगण्यात आली, दोनदा. दुसऱ्यांदा मी स्वतःच सांगितली. तो हसला नाही. गोळी उचलून डोळ्याजवळ नेली, फिरवून बघितली आणि मला बाजूला घेतलं.

"ही तू स्वतः भरलीस?"

"स्वतः," मी म्हणालो. नऊ महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी आदराने विचारत होतं.

"म्हणजे बंदुकीत जाते, पण उडायच्या आत माणूस उतरला तर मग काही उडत नाही?"

"काहीच उडत नाही."

"मला डबाभर भरून दे," तो हळूच म्हणाला. "माझ्या जावयासाठी. गेल्या वर्षी त्याने माझ्या ट्रकचा रेडिएटर फोडला. सकाळी त्याला भरपूर कॉफी पाजायचं मी बघतो. तू फक्त अगदी अश्शीच भर. चुकून एखादं नीट भरू नकोस."