बैलांचा पहिला गिअर

दि. ११ फेब्रुवारी १९७४, सोमवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. कोल्हारच्या शिवारातील एका वस्तीवरून राखाडी रंगाची मोटार बाहेर पडली. तिचे इंजिन बंद होते. पुढे बैलांची जोडी जुंपलेली होती. स्टिअरिंगवर रंगनाथतात्या होते आणि त्यांच्या डाव्या बाजूला, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन, मी.

तात्या आमचे शेजारी. शेजार म्हणजे मधे उसाचे दोन फड. वय साठीच्या आसपास, आवाज पाटाच्या पलीकडे पोचणारा, आणि पेट्रोल महागल्यापासून आयुष्याला एकच ध्येय. "गाडी पेट्रोलवर न्हाई, अकलेवर चालती," हे त्यांचे पालुपद. ते ऐकवल्याशिवाय ते कोणाला गाडीत बसू देत नसत.

बैलांमागे एक सिद्धांत होता. उभी गाडी जागची हलवायला सर्वांत जास्त पेट्रोल लागते. म्हणून हलवण्याचे काम बैलांनी करावे. डांबरी रस्ता आला की बैल सोडायचे. ते आपले आपण वस्तीवर परततात. याला तात्या 'बैलांचा पहिला गिअर' म्हणत.

मी पदार्थविज्ञानाची पदवीधर. गप्प बसणे मला जमले नाही. "तात्या, बैलांना वैरण लागतेच की. ती हिशेबात कुठे धरली?"

"वैरण काय अरबस्तानातून येती व्हय?" तात्यांनी विचारले. मी वैरण हिशेबातून वगळली.

त्यांचे बाकीचे सिद्धांत मात्र तपासण्याजोगे होते आणि बहुतेक तपासात टिकत नसत. हॉर्न ब्याटरी खातो, ब्याटरी इंजिनाला खाते आणि इंजिन पेट्रोल खाते. सबब हॉर्न वाजवायचा नाही, खिडकीतून ओरडायचे. चढ लागला की माणसांनी खाली उतरायचे. उतार लागला की इंजिन बंद. हे शेवटचे धोक्याचे आहे, असे मी अनेकदा बजावले. "ब्रेक हाय ना," एवढेच ते म्हणत. वजन कमी करण्यासाठी त्यांनी मागची सीट, जादा चाक आणि टपाचे अस्तर काढून टाकले होते. एकदा मी सुचवले, "पुढची डावी सीटही काढा, आणखी हलकी होईल." तात्यांनी नुसती मान हलवली. "ती ऱ्हाऊ दे." कारण त्यांनी सांगितले नाही. कारण नसलेला असा हा त्यांचा एकच नियम.

प्रत्येक फेरीनंतर ते टाकीत खाचा पाडलेली बांबूची काडी घालत आणि लिटरमागे किती किलोमीटर पडले ते काढायचे काम माझ्याकडे असे. सतरा हा त्यांचा उच्चांक होता. तो ते पाहुण्यांना सुनेचे कौतुक सांगावे तसा सांगत.

त्या सोमवारी मात्र माझे लक्ष काडीत नव्हते. पुण्याच्या एका संशोधनसंस्थेची निवड-मुलाखत नगरच्या कॉलेजात दहा वाजता होती. ही संधी हुकली असती तर वडिलांनी पाहून ठेवलेले कोपरगावचे स्थळ वाटच पाहत होते. मी एस.टी.ने जाणार होते. तात्या आडवे आले. "यष्टीत उभ्यानं जाऊन काय बोलशील तिथं? माझं नगरला काम हाय. पंपाचं वायसर आनायचंय."

डांबरी रस्ता लागला. नगरला डावीकडे वळायचे होते. त्याच वेळी तात्या मला वाऱ्याच्या दिशेचा पेट्रोलवर होणारा परिणाम समजावून सांगत होते आणि मी तो खोडून काढत होते. आम्ही दोघेही एक गोष्ट विसरलो. गळीत हंगाम सुरू होता आणि हीच जोडी रोज ऊस घेऊन कारखान्यावर जात होती. बैल निष्ठेने उजवीकडे वळले. आमचा वाद संपला तेव्हा पुढे उसाच्या गाड्या होत्या, मागे उसाच्या गाड्या होत्या आणि दोन्ही अंगांना पाण्याची चारी. मोटार कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत उभी होती.

"ओ मालक," मागच्या गाडीवरून एक पाथर्डीकडचा गाडीवान ओरडला, "टायरगाडी लई झ्याक हाय की! ऊस कुठंशी भरलाय?"

"ऊस न्हाई रं, ताई भरली हाय," दुसरा म्हणाला. "काट्यावर किती भरतीया बघू."

सगळे हसले. मी घड्याळाकडे पाहिले. आठ वाजून दहा मिनिटे. मला हसता आले नाही. तात्यांनी माझ्याकडे पाहिले आणि ते पहिल्यांदाच पालुपद विसरले.

"कितीला हाय म्हनलीस?"

"दहाला."

ते खाली उतरले. "बाबांनो, पोरीची परीक्षा हाय. हात लावा."

बैल सोडले. सहा गाडीवानांनी मोटार उचलली आणि जागच्या जागी फिरवली. "आयला, पाटीगत हलकी हाय!" एकजण म्हणाला. "मागची सीट काढलीया," तात्यांनी त्या घाईतही सांगितले. मागच्या गाड्यांनी कडेला सरून वाट करून दिली.

स्टार्टर वाजला. हॉर्न वाजला, आणि राहुरी येईपर्यंत वाजतच राहिला. विळदच्या घाटाच्या पायथ्याशी मी सवयीने दाराच्या खटक्याला हात घातला.

"बस खाली! आज कुनी उतरायचं न्हाई," तात्या गरजले आणि त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरला.

नऊ चोपन्नला मी कॉलेजच्या फाटकाशी होते.

दुपारी बाहेर आले तर मोटार फाटकाजवळच्या लिंबाखालीच होती आणि तात्या आत बसून शेंगा खात होते. "वायसर मिळालं?" मी विचारले.

"कसलं वायसर?" असे म्हणून ते एकदम टरफले गोळा करू लागले.

परतताना घाटाच्या माथ्यावर त्यांनी इंजिन बंद केले. मी म्हणाले, "आज एवढे जाळलेत, आता हे थेंब वाचवून काय उपयोग?"

"थेंबाचं न्हाई गं." गाडी शांतपणे उतरू लागली. वारा आणि टायर, एवढाच आवाज. "तुझ्या काकूचा आवाज बारीक. इंजिनापुढं काय ऐकू यायचं न्हाई. घाटात बंद केलं की ती बोलायची. तितं बसून. खालच्या नाक्यापतुर." काकूंना जाऊन दोन वर्षे झाली होती. मी ज्या सीटवर बसले होते तिच्याकडे पाहिले. "पेट्रोलचं खूळ मागनं निघालं," तात्या म्हणाले. "आता सांग, काय काय इचारलं त्यांनी?"

मी सांगत गेले. प्रकाशाचे ध्रुवीकरण त्यांना कळले असेल असे मला वाटत नाही. पण नाका आला तरी त्यांनी किल्ली फिरवली नाही. गाडी आपोआप थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

वस्तीवर पोचल्यावर काडी टाकीत गेली. मी म्हणाले, "आजचा आकडा सोडून देऊ, तात्या. तो अपवाद आहे."

"सोडायचा न्हाई. शास्तर शिकलीस ना? लिव्ह."

महिन्याभरात निवडीचे कळले आणि मी पुण्याला गेले. त्यामुळे मी नोंदवलेला तो शेवटचा आकडा ठरला: लिटरला नऊ पूर्णांक एक किलोमीटर.