मॉरिशसचं सुतक

लेकीच्या, यामिनीच्या लग्नाचा मुहूर्त दुसऱ्यांदा मोडला, तेव्हा पद्मिनीबाईंनी मॉरिशसच्या नावाने कडाकडा बोटं मोडली.

दोष तसा त्यांच्या नवऱ्याचा, शामरावांचाच होता. त्यांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ अमृतराव तरुणपणी जहाजात बसून मॉरिशसला गेले, ते तिकडेच राहिले. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर शामरावांनी पत्रं धाडधाडून त्यांचे वंशज हुडकून काढले. गेल्या दिवाळीत त्यातले अकरा जण मावल्याला, शामरावांच्या गावी आले. शामरावांनी त्यांना देवासमोर बसवलं, भाऊबंद म्हणून नारळ दिले आणि सगळे गळ्यात गळे घालून रडले.

पण भाऊबंद म्हटले की सुतक आलंच. आणि तिकडे नव्वदी गाठलेली माणसं भरपूर. फाल्गुनात एक आजोबा गेले, वैशाखात दुसरे. दोन्ही वेळा शामरावांनी दहा दिवस कडक पाळले आणि लग्न पुढे गेलं. आता निर्मल गावच्या व्याह्यांनी निरोप धाडला की ज्येष्ठातला मुहूर्त मोडला तर आम्ही दुसरी मुलगी पाहू.

"समुद्रापल्याडचं सुतक आपल्याले काऊन?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"नारळ मीच देल्ला ना. आता नाई कसं म्हणू?"

सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. पद्मिनीबाईंनी यावर नीट विचार केला आणि लग्नाला बारा दिवस उरले असताना नवऱ्याचा फोन बंद करून तुरीच्या डाळीत पुरला. शामराव घरभर शोधत राहिले. मग मॉरिशसहून, दिवाळीत येऊन गेलेल्या पूनमचे फोन यामिनीच्या नंबरवर येऊ लागले. पूनम तोंड उघडायच्या आत पद्मिनीबाईंनी तिन्ही वेळा तो कट केला.

लग्न लागलं. वरात निर्मलला गेली. मग बाईंनी डाळ झटकून फोन शामरावांच्या हातात ठेवला आणि सगळं कबूल केलं. ते चिडून काही बोलणार तोच फोन वाजला. पूनमच होती.

"काका, लग्न नीट लागलं ना? मुहूर्त कधीचा, तेवढंच विचारायला फोन करत होते."

"लागलं, माय."

"मग आता सांगते. सखूबाई आजी आठ दिवसांपूर्वी गेली. तिनेच बजावलं होतं, पोरीचं लग्न लागल्याशिवाय मावल्याला कळवू नका."

शामरावांचे डोळे भरून आले. या म्हातारीला त्यांनी फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. त्यांनी बायकोला सुतकाच्या आंघोळीचं पाणी काढायला सांगितलं.

"थांबा," पद्मिनीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पहिले मी करते. सासूच लागत होती ते माही."