कलम तीनशे तीन आणि एकवीस जास्वंदी

गुन्हा करणं सोपं असतं, कलम समजणं अवघड. गुन्हा माणूस एकटा उरकू शकतो. कलम समजून घ्यायला मात्र सगळं घर लागतं.

झाशीच्या प्रेम नगरातले मार्तंडराव, वय सहासष्ट, कचेरीतून निवृत्त, तेरा वर्षं रोज सकाळी शेजारच्या चौरसियाजींच्या कुंपणावरून गजाननासाठी एकवीस जास्वंदी काढत. साधनसामग्री: बांबूची आकडी एक, दुधाची रिकामी पिशवी एक, माकडटोपी एक (भर मे महिन्यातही, तोंड लपवायला नव्हे, कानाला वारं लागू नये म्हणून). याला चोरी म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. मागून आणलेल्या फुलाचं निम्मं पुण्य मालकाला जातं आणि न विचारता आणलेल्याचं सगळं आपल्याला मिळतं, ही घराण्याची सात पिढ्यांची समजूत.

चौरसियाजींची समजूत निराळी होती. त्यांनी कुंपणावर कॅमेरा बसवला, ठाण्यात तक्रार लिहवली आणि तिची झेरॉक्स मार्तंडरावांच्या फाटकात खोचली. कागदावर एकच धारा, म्हणजे कलम, होती: तीनशे तीन.

अशा वेळी वकिलाकडे जायची घराची रीत नव्हती. आजोबा वकील होते आणि त्यांचं दंडसंहितेचं इंग्रजी पुस्तक देवघराशेजारी लाल फडक्यात बांधलेलं होतं. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे. उघडण्याचा अपमान मात्र त्याचा कोणी कधी केला नव्हता. मार्तंडरावांनी हात धुऊन ते सोडलं. कलम तीनशे तीन सापडलं. त्यातला गुन्ह्याचा भाग वाळवीने खाल्ला होता. शिक्षा तेवढी शाबूत होती: मृत्युदंड.

"अगं शारदा," ते म्हणाले, "फाशी आहे."

शारदाकाकू तांदूळ निवडत होत्या. "फुलांना?"

"कलमाला. फुलांचा उल्लेख वाळवीने खाल्लाय."

"बरं. मग आधी तेवढं दळण आणून टाका."

दळण आणून मार्तंडराव पुढे वाचू लागले, तर चोरीचा माल घेणाराही गुन्हेगार निघाला. फक्त माल चोरीचा आहे हे त्याला ठाऊक असावं लागतं. आता गजानन सर्वज्ञ. म्हणजे आरोपी क्रमांक दोनला बचावच नाही! मार्तंडरावांनी घाईने देवावरची फुलं उतरवली (कायद्यात याला पुरावा नष्ट करणं म्हणतात, पण ते पान जागेवर नव्हतं).

मग त्यांनी आवराआवर केली. गॅसचं पुस्तक कुठे आहे ते सांगितलं. मेहुणे अनंतराव यांना एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या बासुंदी प्रकरणाबद्दल माफ केलं. साखरेचा विकार असून दोन पुरणपोळ्या मागितल्या, आणि काकूंनी चक्क केल्या. दुपारपर्यंत त्यांना फाशी थोडी आवडूही लागली होती. अठराशे सत्तावन्न साली त्यांचे एक पूर्वज फाशी गेले होते. दर गणेशोत्सवात मराठी समाजाच्या व्यासपीठावर मार्तंडरावच ती हकिकत सांगत. आता पुढच्या वर्षी दोन हकिकती झाल्या असत्या.

तेवढ्यात दतिया गेटहून पुतणी जाई आली. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि मराठी तिला बोलण्यापेक्षा समजायची जास्त. तिने कागद वाचला, पुस्तक पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, ही किताब तर पुरानी आहे! दोन हजार चोवीसपासून नवीन संहिता लागू झाली ना. सगळे नंबर बदलले. नवीन तीनशे तीन म्हणजे सीधी चोरी."

"म्हणजे फाशी नाही?"

"नाही हो. माल पाच हजारच्या आतला, आणि पहिली बार आहे. माल किंवा त्याची किंमत वापस केली की समाजसेवा. तेही केस चालली तर."

काकूंनी पदराने डोळे टिपले. तेव्हा कळलं, बाई सकाळपासून नुसता तांदूळच निवडत नव्हती. मार्तंडराव मात्र खचले. पूर्वज देशासाठी फासावर गेले. वंशज जास्वंदीसाठी समाजसेवेला जाणार. हे व्यासपीठावर सांगायचं तरी कसं?

शेवटी ते स्वतःच शेजारी गेले आणि हात जोडून म्हणाले, "भाईसाहब, गलती हो गई." चौरसियाजी तेरा वर्षं याच चार शब्दांची वाट पाहत होते. म्हणाले, "पूछ लेते तो टोकरी भरके देते, पंडितजी. अब महीना भर पानी डालिए."

तेव्हापासून मार्तंडराव रोज सकाळी चौरसियाजींच्या बागेला पाणी घालतात. पाच फुलं मागून मिळतात, निम्म्या पुण्याची. चौथ्याच दिवशी कुंपणाबाहेर एक ओळखीची आकडी वर आली. खाली अनंतराव होते.

"चोर!" मार्तंडराव ओरडले, "कलम तीनशे तीन! नवीन!" आणि बासुंदीची माफी त्यांनी जागच्या जागी रद्द केली.

वाचकहो, हसा खुशाल. तुमच्या देवापुढचं आजचं फूल कोणाच्या कुंपणातलं, हे आम्ही विचारत नाही. फक्त कायद्याची माहिती असावी म्हणून सांगतो: समाजसेवेची सवलत पहिल्या वेळेलाच आहे. तुमची कितवी?