विहीणबाईंची ऑर्किडं आणि चौघांचं पाणी

केसरबाईंनी रिक्षात बसल्याबसल्या तिन्ही कुंड्या कोंडीरामच्या हातात दिल्या, तेव्हा बाई झाडं देतायत की मुलगी दुसऱ्यांदा देतायत, हे रिक्षावाल्यालाही कळेना. त्याने नाक पुसलं.

"व्याही, दीड महिन्यासाठी नाशिकला चाललेय. धाकटीचं बाळंतपण आहे. आठवड्यातून एकदाच पाणी. कळलं?"

"विहीणबाई, चाकणला एकतीस वर्षं मेंटेनन्स केलाय. दोनशे टनाचा, पत्रे ठोकणारा प्रेस माझ्या नुसत्या खाकरण्यानं चालू होतो. ही तर झाडं!"

"प्रेस मेला तर कंपनी दुसरा आणेल. ही मेली, तर मी बोलेन."

रिक्षा गेली, आणि रहाटणीच्या त्या चौकात कोंडीरामला भर उन्हात हुडहुडी भरली. कारण केसरबाईंचं बोलणं म्हणजे साधंसुधं नव्हे. त्यांची करिष्मा आणि कोंडीरामचा सिद्धेश यांच्या साखरपुड्यात कोंडीरामकडच्या आमटीत मीठ जास्त पडलं होतं. ते त्या लग्नात बोलल्या, मांडवपरतणीला बोलल्या, आणि पाच वर्षांनी कोणाच्या तरी बारशात पाळण्यात वाकून त्या परक्या बाळाच्या कानातसुद्धा बोलल्या. बाळाने म्हणे तेव्हापासून मीठ सोडलं. अशा बाईला दुसरा विषय मिळू द्यायचा नाही, असा पण करून कोंडीरामने कुंड्या बाल्कनीत मांडल्या.

आता या घराचा एक कायदा होता : जो जागा, त्याचं काम. कोंडीराम फर्स्ट शिफ्टला, मुलगा सिद्धेश सेकंडला, सून करिष्मा हिंजवडीला जनरल शिफ्टमध्ये, आणि बायको इंदुताई घरी, म्हणजे तिन्ही शिफ्टला. चौघं एकत्र भेटायची ती फक्त रविवारी. त्यामुळे कोणी कोणाला विचारत बसायचंच नाही. दूध उतू जाताना दिसलं, बंद करा. कपडे वाळले, काढा. झाड सुकलेलं दिसलं, पाणी घाला.

सकाळी सहाला इंदुताई तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, ते पौष्टिक म्हणून. नऊला करिष्मा प्रत्येक कुंडीत बर्फाचे तीन खडे ठेवायची, कारण मोबाईलवर तसं दाखवलं होतं. अकराला सिद्धेश उठायचा आणि डोळे चोळत बायकोला खूश करायला म्हणून अर्धी बाटली ओतायचा. चारला कोंडीराम कंपनीच्या बसमधून उतरून तांब्या घेऊन यायचा. कुंडीतल्या वरच्या नारळाच्या सालीला बोट लावून बघायचा. बोटाला ओल लागली, तरी एकतीस वर्षांच्या अनुभवाने तो ओळखायचा की ही ओल वरवरची आहे.

आठ दिवसांत पानं मलूल झाली. मलूल म्हणजे तहानलेली, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. चौघांनीही आपापला डोस गुपचूप दुप्पट केला. पंधराव्या दिवशी, रविवारी, सगळी चहा घेत असताना एक पिवळं पान ठप्पकन फरशीवर पडलं. एवढा आवाज झाला की खालच्या मजल्यावरच्यांनी पंखा बंद करून कानोसा घेतला.

"अगंबाई!" करिष्मा रडकुंडीला आली. "पप्पा, नाशिकहून आल्यावर आई मला काय म्हणेल?"

"तुला काही नाही म्हणणार गं. मला म्हणेल. मी मेल्यावरही म्हणेल. दहाव्याला कावळा शिवू देणार नाही!"

नेमकी तेव्हाच बेल वाजली. महापालिकेतर्फे डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या जाईबाई हातात बॅटरी घेऊन दारात उभ्या. मूळच्या मावळातल्या, बोलायला फटकळ. सरळ बाल्कनीत गेल्या आणि कुंडीखालच्या बशीत उजेड पाडला.

"आरं देवा! दादा, हितं तर शाळाच भरलीया. पहिली ते धाव्वी, समद्या इयत्ता हायत."

"बाई, ते राहू द्या. झाड मरतंय ओ!"

जाईबाईंनी कुंडीत बोट खुपसलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. "मरतंय न्हाई, बुडतंय. पाच वर्सं फुलांच्या पॉलीहाऊसला काढली म्या. ह्ये झाड मातीतलं न्हाई, रानात फांदीवर वाढतंय. ह्याच्या मुळास्नी वारा लागतो. कुनी घातलं येवढं पानी?"

कोंडीरामच्या अंगात एकदम कंपनी संचारली. त्याने वहीचं पान फाडलं आणि पेन कानामागून काढलं. कंपनीत मशीन बंद पडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, ही त्याची रीत.

"पान का गळालं? मूळ कुजलं. मूळ का कुजलं? पाणी जास्त झालं. पाणी जास्त का झालं?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "बोला. इथं कोणाला मेमो मिळणार नाही."

"मी आपलं तांदळाचं धुवण..." इंदुताई पुटपुटल्या.

"मी बर्फ. पण थोडाच हं, मम्मी."

"मी बाटली," सिद्धेश म्हणाला. "पण पप्पा, तुमच्या हातात रोज चारला तांब्या असतो, असं शेजारचे सांगतात."

"सुपरवायझरनं राऊंडला घातलेलं पाणी धरत नाहीत!"

"धरत न्हाई म्हनं!" जाईबाई कडाडल्या. "झाड काय तुमची हजेरी बगून पितंय व्हय? उठा, कात्री आना."

मग जे ऑपरेशन झालं त्याला तोड नाही. इंदुताईंनी कात्री गॅसवर धरली. करिष्माने टॉर्च धरला. सिद्धेशने श्वास धरला. जाईबाई एकेक मूळ दाबून दाखवायच्या : "ह्ये टणक, ठेव. ह्ये पिचपिचीत, काप." कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली. पुलाव गावभर शिजतोय असा घमघमाट सुटला, आणि दोन बिऱ्हाडं ताटं घेऊन जिन्यापर्यंत येऊन गेली. मग भोकं असलेल्या नव्या कुंड्या, त्यात कोळशाचे तुकडे आणि नारळाच्या सालीचे कोरडे खडे.

"पाच-सा दिस थेंब न्हाई," जाईबाईंनी जाताना बजावलं. "मग मूळ चंदेरी झालं की धा मिनटं टबात बुडवायचं, समदं पानी निथळू द्यायचं. मूळ हिरवं हाय तवर हात लावायचा न्हाई. आन् ती बशी फेका. पुन्यांदा शाळा दिसली तर नोटीस देईन."

पण हात लावायचा नाही हे या घराला जमणार कसं? कोंडीरामला रात्रभर चार दिशांनी चार तांबे चालत येताना दिसले. सकाळी फर्स्ट शिफ्टला निघताना त्याने मेंटेनन्सचा रामबाण काढला. मशीन खोललं की त्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं, वर स्वतःचा फोटो असलेली 'धोका, हात लावू नये' अशी पाटी लटकवायची, आणि किल्ली खिशात. त्याने दाराच्या काचेतून दिसावी म्हणून पाटी कुंड्यांवर टांगली, बाल्कनीच्या दाराला कुलूप ठोकलं, आणि चाकणला निघून गेला.

कुलपापलीकडे, बाल्कनीतल्या दोरीवर सिद्धेशचा युनिफॉर्म वाळत होता. तो बिचारा वडिलांची जुनी पँट सुतळीने बांधून सेकंड शिफ्टला गेला. गेटवरच्या वॉचमनने त्याला "या काका" म्हणून सलाम ठोकला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. "दाखवा बघू माझी बाळं." करिष्माने घाबरत काचेतून मोबाईल धरला. पलीकडून केसरबाईंनी हंबरडा फोडला.

"अगं, व्याह्यांचा फोटो का टांगलाय? कधी गेले? मला कळवलं नाहीत!"

"मी आहे, विहीणबाई!" मागून कोंडीराम ओरडला. "ड्युटीवर आहे!"

रविवार उजाडला. मुळं चंदेरी पडली होती. कोंडीरामने कुलूप काढलं, टब भरला, घड्याळ लावलं. आणि काय सांगावं! बघता बघता मुळं हिरवीगार होऊ लागली, जणू कोणी आतून दिवा लावला. चौघंही टबाभोवती उकिडवी बसली होती. पाच वर्षांत हे घर एवढा वेळ एका जागी बसलं नव्हतं.

"पितंय! पप्पा, पितंय बघा!" सिद्धेश कुजबुजला.

तिसऱ्या रविवारी कोंडीरामने अशी आरोळी ठोकली की काळेवाडी फाट्यावर पीएमपीची बस थांबा नसताना थांबली आणि दोन माणसं उतरूनही गेली. सगळ्यात जास्त मुळं कापलेल्या झाडाच्या बुंध्यातून तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक बाहेर आलं होतं. नवं मूळ! पुढच्या आठवड्यात बाकी दोन झाडांनीही टोकं काढली. इंदुताईंनी शिरा केला.

केसरबाई आल्या त्या चप्पल न काढताच बाल्कनीत शिरल्या. एकेक कुंडी उचलली, डोळ्यांशी धरली, फिरवली, खाली ठेवली. कोंडीरामच्या छातीत दोनशे टनाचा प्रेस चालू होता. शेवटी त्याला राहवेना.

"विहीणबाई, खरं सांगतो. आमच्या हातून मुळं कुजली होती. चौघांनी पाणी घातलं. कापावी लागली."

केसरबाई मटकन खुर्चीवर बसल्या. "तुमच्या हातून कशाची? ती माझ्याकडेच कुजली होती. मीही रोज घालत होते, सकाळ-संध्याकाळ. म्हटलं, आता मरणारच आहेत, तर तुमच्याकडे मरू देत. निदान बोलायला तरी होईल!"

करिष्माने कपाळावर हात मारला.

केसरबाई मात्र चहा येईपर्यंत गप्प. चहा झाला, शिरा झाला, तरी गप्प. पार खचल्यासारख्या दिसू लागल्या. त्यांनी छताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, शिऱ्यातला बेदाणा उलटापालटा करून पाहिला. घर घाबरून गेलं. इंदुताई नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "अहो, यांना काही झालं तर नाही ना? डॉक्टरला बोलवायचं का?"

शेवटी केसरबाई उठल्या, तिन्ही कुंड्या पिशवीत भरल्या, आणि जिना उतरू लागल्या. पहिल्या वळणावर थबकल्या. मान वळली. चेहरा हळूहळू उजळला.

"पण व्याही," त्या खड्या आवाजात म्हणाल्या, "दीड महिना झाडं तुमच्याकडे, आणि फूल एकही नाही?"

कोंडीरामचा जीव भांड्यात पडला. "बोलल्या!" तो आनंदाने ओरडला. "अगं, बोलल्या!"