दारावरची तारीख

बिसेनकाका भेटल्यावर हात जोडत नाहीत, समोरच्याच्या कपाळावर ठेवतात. आमच्या वॉर्डात नव्यानं राहायला आलेला माणूस दचकतो. जुन्यांनी आपणहून डोकं पुढं करायची सवय लावून घेतली आहे.

हिवताप विभागातून काका निवृत्त झाले, पण ही बातमी गोंदियातल्या डासांना कुणी कळवलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी खडू आणि वही घेऊन फेरी. दार ठोठावायचं, "ताप आहे का कोनाले?" विचारायचं, वहीत नोंद करायची आणि चौकटीवर खडूनं तारीख टाकायची. बायका ती पुसतात, काका पुन्हा टाकतात.

"आमचा आजा पिलेगात याच गल्लीत मेले उंदीर मोजे. मी ताप मोजून राहिलो. खानदानी काम आहे जी."

एका लग्नात नवरदेवाचं कपाळ गरम लागलं म्हणून त्यांनी अक्षता थांबवल्या होत्या. कुठं गेला होतास, मच्छरदाणी होती का, असं विचारत विचारत तो सालेकशाच्या जंगलात मित्रांबरोबर मोहाच्या दारूची चव घेऊन आला होता, हेही भर मांडवात काढून घेतलं. वधूच्या बापाला ते नवीनच होतं.

मला या फेरीचा वैताग यायचा. गेल्या पावसाळ्यात बायकोला दोन दिवस ताप होता. शाळेची घाई होती, म्हणून मी दारातूनच सांगून टाकलं, "सगळे ठीक आहेत, काका."

काका पेन उघडून तसेच उभे राहिले. "मास्तर, निरंक लिहू का मंग?"

निरंक, म्हणजे या घरी ताप नाही. त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला खोटं पुढं रेटता येईना. मी बाजूला झालो. काकांनी हिच्या कपाळाला हात लावला आणि ऑटो बोलावून थेट दवाखान्यात नेलं. मलेरिया निघाला, तोही मेंदूत चढणारा. ही वाचली ती त्या एका प्रश्नामुळे.

ही बरी झाल्यावर मी काकांसाठी डबा घेऊन त्यांच्या घरी निघालो, तर काका फेरीवरून परतताना वाटेतच भेटले. मी माफी मागितली. चालता चालता ते म्हणाले, "तुमीच नाही जी. नोकरीत होतो तवा साऱ्या वॉर्डाची दारं ठोठवली. आपल्याच घरचं दार कोन ठोठवते? वहीत आपल्या घरापुढं बसल्या जागी निरंक लिहून देत जाय. आमची घरवाली कमला ताप अंगावर काढून राहिली होती. मी निरंक लिहिलं, अन् चवथ्या दिवशी ती गेली."

 मला स्वतःची फार लाज वाटली.

त्यांचं घर आलं. दाराला कुलूप होतं. काकांनी खडू काढला, आपल्याच दारावर दोनदा टकटक केली आणि हळू विचारलं, "ताप आहे का कोनाले?"

इतर दारांपुढं थांबतात तेवढा वेळ ते थांबले. मग चौकटीवर तारीख टाकली आणि खिशातून किल्ली काढली.