सातवी कुटं हाय?

ट्रॅक्टर चालवण्यात मंद्रूपच्या आसपास माझा हात धरणारा कोणी नाही! आमचा ट्रॅक्टर माझ्या लेकीपेक्षा, पूनमपेक्षा, दहा वर्षांनी मोठा आहे. त्याच्यामागं गवत कापायचं मशीन जोडून मी दरवर्षी विहिरीजवळचा तुकडा साफ करतो. आजवर एकदाही पातं दगडाला लागलं नाही. हे मी भेटेल त्याला सांगतो.

एक गोष्ट सांगत नाही. ट्रॅक्टरच्या पुढं माझी बायको केराबाई चालायची. काठीनं गवत चाळायची आणि ओरडायची, "दगड! वळवा!" मी वळवायचो.

मागच्या दिवाळीआधी केराबाई गेली.

यंदा पूनमचा साखरपुडा ठरला. मांडव विहिरीजवळच घालायचा होता आणि गवत मांडीएवढं माजलेलं. माळशिरसचे पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी दारात! मशीन आणलं शेजारच्या महादेवप्पाचं, नेहमीसारखं.

"पातं नवं हाय," तो म्हणाला. "दगडाला लागलं तर मला तोंड दावू नको."

"अप्पा, माझ्या हातनं कवा लागलंय का?"

आता काठी घेऊन पुढं चालायला कोणी नव्हतं. मग मी डोकं चालवलं! दगड आधीच शोधून ठेवले. सहा निघाले. उपटायची सोय नव्हती. वर नारळाएवढे, पण जमिनीत हत्तीएवढे! त्यांच्याभोवतीचं गवत विळ्यानं काढलं आणि ट्रॅक्टरच्या बंपरचा उरलेला शेंदरी रंग फासला. आता लांबून दिसणार! खुशीत भाकरी खायला गेलो.

परत येतो तर दगडांवर हळदीकुंकू! पुढं फोडलेले नारळ! आणि शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बजाबाई हात जोडून बसलेल्या.

"धुळा, साती आसरा परगटल्या की रं! हिरीच्या काठाला!"

"आत्ती, त्यो बंपरचा रंग हाय. म्या लावलाय."

"लावला असशील. पर बुद्धी कुणी दिली?"

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी; विहिरीकाठच्या दगडांना शेंदूर फासून त्यांनाच पुजतात.

"पर ह्या सहाच हायत्या," आत्तींनी पुन्हा मोजलं. "सातवी कुटं हाय?"

"दगडं सहाच हायती."

"आसरा सात असत्यात. सातवी हितंच हाय. मशीन घालू नगंस."

तासाभरात पंधरा बाया जमल्या. कोणी हिरव्या बांगड्या आणल्या, कोणी दहीभात. एकीनं मलाच विचारलं, "पुजारी तुमीच का?"

पूनम पळत आली. "आबा, मांडववाले आल्यात! गवत कवा कापणार?"

"देव जरा सरकू देत की!"

शेवटी बायांना बाजूला उभं केलं आणि ट्रॅक्टरवर चढलो. पहिल्या दगडाला वळसा. दुसऱ्याला वळसा. नवरदेव सप्तपदी चालतो तसा जपून! प्रत्येक वळणाला बाया टाळ्या वाजवत होत्या. सहावाही चुकवला. मग मात्र राहवलं नाही. स्टेअरिंगवरचा एक हात वर करून ओरडलो, "बघा आत्ती, सहाच हायती!"

ठण्ण!

मशीन बेडकासारखं उडालं. पात्याचा तुकडा हवेत गेला आणि डुबुक करून विहिरीत पडला.

मग आत्तींनी दोन्ही हात वर केले. "घावली! सातवी घावली!"

काय तो आनंद! नारळ फुटले, गुळाचे खडे वाटले. पूनम हसत हसत खालीच बसली. तिच्या आईनंतर तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मलाही आवरेना.

"पण गवत?" ती डोळे पुसत म्हणाली.

"देवीच्या दारात पावनं गवतात बसत्याल व्हय?" आत्ती गरजल्या. पंधरा बायांनी पंधरा विळे आणले. दिवस मावळायच्या आत तुकडा पाटासारखा साफ! मांडव उभा राहिला.

तेवढ्यात मशीन न्यायला महादेवप्पा आला. मी ट्रॅक्टरमागं लपलो. आत्तींनी त्याला सगळं रंगवून सांगितलं. त्यानं चपला काढल्या, एकेका दगडापुढं वाकला, सातव्यापुढं तर डोकंच टेकलं. मला धीर आला. मीही जाऊन शेजारी डोकं टेकलं.

डोकं खालीच ठेवून तो हळूच म्हणाला, "धुळा, नवं म्हनलो खरं, पर पातं जुनंच हुतं. देवीनं ठिवून घेतलं, लई चांगलं झालं. नवं कवा आणतोस?"