गेंड्याचा दोषतक्ता

माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही! ही बढाई नाही, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. अंबडच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मालात केसभर खोट असली तरी हा दिवाकर ती पकडणार आणि त्यावर 'रिजेक्ट'ची लाल चिठ्ठी लावणार! घरीसुद्धा पोळी एका बाजूने फुगीर असली तर मला लगेच दिसते. एकदा मी ते बोलूनही दाखवलं होतं. त्यानंतर आठ दिवस पोळ्या मीच लाटल्या, तो भाग वेगळा.

तर अशा माणसाने "सिनेमा मी वाचवतो" असं म्हटल्यावर तो वाचायलाच हवा होता की नाही?

सिनेमाचं नाव 'गेंडा गेला गावाला'. एका नगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयात बघण्यासारखा एकच प्राणी असतो, गेंडा, आणि तोच एके सकाळी फाटक उघडं बघून चालता होतो. मग त्याला शोधायला कोण निघतं? प्राण्यांना घाबरणारी प्राण्यांची डॉक्टरीण, गेंड्यालाही कारणे दाखवा नोटीस काढणारा अधीक्षक, आणि रिकाम्या पिंजऱ्याचीही तिकिटं विकणारा तिकीटवाला! तिघेही असे काही बेफाम काम करतात की विचारू नका. ती डॉक्टरीण शेळीला इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटून "दुखणार नाही हं" असं स्वतःलाच सांगते, तेव्हा मी खुर्चीचा हात उपटायचा बाकी ठेवला होता!

पण सिनेमाचा खरा हीरो गेंडाच. आणि तो गेंडा म्हणजे आमचे अकबरभाई!

अकबरभाई आमच्याच कारखान्यात लेथवर. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत तीस वर्षं काम करताहेत. कधी हवालदार, कधी पोस्टमन, कधी दोन नंबरचा भालदार. निवृत्तीला वर्ष उरलं आणि माणसाला सिनेमा मिळाला. निर्मात्याला खरा गेंडा परवडला नाही, म्हणून रबराचं कातडं शिवलं आणि आत दोन माणसं घातली. एक अकबरभाई, दुसरा पुण्याचा कोणीतरी. आता तीस वर्षांचा अनुभवी नट म्हटल्यावर तो पुढेच असणार, हे काय वेगळं विचारायला हवं?

पहिल्याच दिवशी सिनेमा पाहून मी त्यांना मिठी मारली.

"काय मान वळवलीत अकबरभाई! काय तो गंभीर चेहरा!"

"जाऊ द्या ना दिवाकरभाऊ," ते खाली बघत म्हणाले. "सगळ्यांनीच मेहनत केली."

असा विनय हल्ली बघायला मिळत नाही!

फक्त एक अडचण होती. त्यांच्या पत्नीने, म्हणजे गुलजारबींनी, तीस वर्षांत नवऱ्याचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. रागाने नव्हे हो! नाटकाच्या दिवशी नेमकी सासू आजारी, नाहीतर मुलांची परीक्षा, नाहीतर दारात पाहुणे. दरवेळी त्या म्हणायच्या, "पुढच्या साली नक्की." या वेळी लेकीच्या बाळंतपणासाठी मालेगावला गेलेल्या. गुरुवारी दुपारी परतणार होत्या आणि थेट तीनचा शो बघणार होत्या. अकबरभाईंनी तिकिटं आधीच काढून पाकिटात ठेवली होती आणि जेवणाच्या सुट्टीत ती रोज एकदा उघडून बघत होते.

आणि शनिवारी थिएटरचा मॅनेजर मयुरेश म्हणाला, "सोमवारी सिनेमा उतरवतोय."

थिएटर आमच्याच सिडको भागातलं. नाव सांगत नाही, कारण मयुरेशने हात जोडून तशी विनंती केली आहे.

"काका, शुक्रवारी सतरा माणसं होती. त्यातली दोन नुसती एसीसाठी आलेली!"

अकबरभाईंनी खिशात हात घातला. पाकीट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मला बघवेना! इतकं वाईट वाटलं की माझ्या तोंडून निघून गेलं, "मयुरेश, सिनेमाबद्दल प्रेक्षकांचं मत तुझ्यासमोर ठेवतो. लेखी! ते वाचूनही उतरवावासा वाटला तर उतरव. अकबरभाई, गुरुवारी भाभी सिनेमा बघणार. शब्द आहे माझा!"

आता मत गोळा करायचं म्हणजे फॉर्म हवा. दुसरा कुणी असता तर त्याने कोऱ्या कागदावर 'सिनेमा कसा वाटला?' असं लिहिलं असतं. पण आपण शास्त्रशुद्ध माणूस! कारखान्यातला बावीस वर्षं घासूनपुसून तयार झालेला नमुना काढला: 'दोष नोंद पत्रक'. रकाने चार. दोषाचे वर्णन, दोषाचे ठिकाण, किती वेळा आढळला, सुधारणा. कौतुकाचा रकाना नव्हता. बोल्टचं कौतुक कोण करतं?

रविवारी तिन्ही शोंना दारात उभा राहिलो. माझ्या आग्रहाने अर्धी सोसायटी आली होती, बाकीचे आपापले. लोक डोळे पुसत, एकमेकांना टाळ्या देत बाहेर पडत होते आणि मी प्रत्येकाच्या हातात फॉर्म देत होतो.

"अहो, पण दोष काहीच नाही!" चांदवडचे एक कांद्याचे व्यापारी म्हणाले. "लय भारी पिच्चर हाय!"

"रकाना कोरा चालत नाही! कोरा रकाना म्हणजे तपासणीच झाली नाही!"

"मंग काय लिवू? हसून हसून पोट दुखाया लागलं, ते लिवू?"

"लिहा ना! तेच लिहा!"

मग काय, गाडी सुटली! इगतपुरीच्या रेल्वेतल्या एका मोटरमनने लिहिलं, 'हसताना श्वास अडकला, बायकोने पाठीत गुद्दे घातले.' कशिश नावाच्या कॉलेजातल्या मुलीने लिहिलं, 'तिकीटवाल्यामुळे हसून रडले, काजळ गळ्यापर्यंत.' एका आजोबांची कवळी हसण्याच्या भरात पुढच्या रांगेत गेली. तिघेजण खुर्चीवरून घसरले. आणि 'दोषाचे ठिकाण' या रकान्यात बहुतेकांनी एकच प्रसंग लिहिला: गेंडा अधीक्षकाच्या स्कूटरवर बसतो तो! नुसता बसत नाही हो. आधी मागे सरकतो, अंदाज घेतो, थोडा टेकतो, दचकून उठतो, आणि मग मोठ्या सावकाशीने सगळा भार सोडून देतो. त्रेसष्ट फॉर्मपैकी एकेचाळीसांत हाच प्रसंग!

घरी येऊन मी तक्ता केला. लेक यशश्री मागून बघत होती.

"बाबा, 'हसून' हा शब्द कुठे गेला?"

"ते कारण झालं. हा दोषांचा तक्ता आहे. कारणांचा तक्ता वेगळा असतो."

"पण वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"तुला यातलं कळत नाही!" मी म्हणालो आणि तक्ता मयुरेशला पाठवून दिला. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला.

'गेंडा गेला गावाला. प्रेक्षकांवर झालेले परिणाम. पोटदुखी: ३१. डोळ्यांतून पाणी: १८. श्वास कोंडणे: ९. खुर्चीवरून पडणे: ३. दात निखळणे: १. इतर: १. पुढील कारवाई आपणाकडून तातडीने अपेक्षित.'

शेवटचं वाक्य सवयीने आलं.

सोमवारी सकाळी थिएटरसमोर गेलो तर दाराला साखळी! आत मयुरेश घामाघूम. समोशांची परात सील केलेली, एसीचे पत्रे खाली काढलेले, दोन माणसं खुर्च्यांचे नट पिळताहेत, आणि एक डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात घालून नुसताच पॉपकॉर्नच्या मशीनकडे बघत बसलेला.

"काका, बरं झालं तुम्ही वेळेवर कळवलंत!" तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला. "एकतीस जणांना पोटदुखी! विषबाधाच की हो! आणि श्वास कोंडला म्हणजे एसीतून गॅस गळतोय! सगळे शो बंद केलेत. हा आठवडाभर थिएटरच उघडत नाही!"

हा घोळ माझ्याच तक्त्याने केला, हे कबूल करायची हिंमत झाली नाही आणि मी तसाच कामावर पळालो. सिनेमा उतरू नये म्हणून निघालो आणि थिएटरच उतरवलं!

तिकडे सोसायटीच्या ग्रुपवर तक्ता पुढे पुढे जात होता. दहा वाजता 'गॅस गळती' होती. अकरा वाजता 'गेंडा खरा होता म्हणे.' बारा वाजता 'गेंड्याने तिघांना खुर्चीवरून पाडलं, एकाचे दात पाडले!' एक वाजता माझ्या सख्ख्या मेहुण्याने मलाच विचारलं, "दाजी, गेंडा सिडकोत शिरलाय का?"

जेवणाच्या सुट्टीत अकबरभाई समोर येऊन बसले. त्यांनीही वाचलं होतं. मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "दिवाकरभाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गुलजारला तशीही सवय आहे. पुढच्या साली बघेल."

पुढच्या साली! आणि हा माणूस उलट माझीच समजूत घालत होता! मला इतकी शरम वाटली की डब्यातली भेंडी तशीच राहिली. अर्धा दिवस रजा टाकली, त्रेसष्ट फॉर्मांचा गठ्ठा काखेत मारला आणि तडक मयुरेशसमोर उभा राहिलो.

"मयुरेश, चूक माझी आहे. हे मूळ फॉर्म. एकेक वाच."

त्याने रडव्या तोंडाने पहिला उचलला. "हसून हसून पोट दुखलं..." दुसरा उचलला. "डॉक्टरीणबाईंना नमस्कार सांगा, माझी इंजेक्शनची भीती गेली..." तिसरा, चौथा. आजोबांच्या कवळीपाशी पोचला आणि खुर्चीत मागे कोसळून हसायला लागला. स्टेथोस्कोपवाले डॉक्टरही वाचायला लागले. शेवटी मयुरेश पोट धरून म्हणाला, "काका! बत्तीस!"

"काय बत्तीस?"

"पोटदुखी! मी धरून!"

मंगळवारी साखळी निघाली. आणि काय सांगू, रांग रस्त्यापर्यंत! दात पाडणारा गेंडा बघायला अख्खं सिडको लोटलं होतं. बुधवारी मयुरेशने दारावर पाटी लावली, 'कवळी सांभाळा.' सिनेमा उतरवायचं नावच नाही!

गुरुवार उजाडला. गुलजारबी मालेगावच्या बसमधून उतरून, पिशवी हातात तशीच ठेवून थिएटरला आल्या. अकबरभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते आपल्या लग्नात उभे राहिले असतील तसे उभे होते. आत एका बाजूला ते, मध्ये गुलजारबी, पलीकडे मी आणि आमची सौ. मी चौथ्यांदा बघत होतो, त्यामुळे समजावून सांगणं माझ्याकडे!

गेंडा आला. थिएटरभर शिट्ट्या!

"भाभी, ते डोकं बघा, डोकं! ते आपले अकबरभाई!"

गुलजारबींनी क्षणभर पाहिलं. "नाही हो दिवाकरभाऊ. ते पुढचं कुणी दुसरंच आहे. आमचे मियाँ मागे आहेत."

"छे छे! तीस वर्षांचा अनुभवी नट..."

"तो डावा गुडघा बघा ना. आधी थोडा झटकतात, मग टाकतात. जिना चढताना अस्संच करतात. मी काय ओळखणार नाही?"

मी अकबरभाईंकडे पाहिलं. ते अंधारातही लाजलेले दिसत होते. "तुम्ही इतक्या हौसेने सांगत होता भाऊ," ते पुटपुटले, "मला मध्येच बोलवेना."

तेवढ्यात पडद्यावर स्कूटर आली. गेंडा मागे सरकला. अंदाज घेतला. थोडा टेकला, दचकून उठला, आणि सावकाश सगळा भार सोडला. सगळं थिएटर कोसळलं! आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बसतो कोण? मागचे पाय! त्रेसष्टपैकी एकेचाळीस माणसांनी माझ्याच फॉर्मवर, माझ्याच रकान्यात, अकबरभाईंचं नाव न घेता त्यांचंच काम लिहून दिलं होतं. आणि मी चार वेळा एका रबराच्या चेहऱ्याचा गंभीरपणा बघत होतो!

गुलजारबी हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मध्येच त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो मध्यंतरापर्यंत उचलला नाही. मलाही भरून आलं, पण मी चष्मा पुसत असल्यासारखं केलं.

बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःहून फॉर्म मागितला. पिशवी खाली ठेवून, एकेक अक्षर जपून लिहिलं. दोषाचे वर्णन: 'गेंड्याचा मागचा डावा गुडघा दुखतो, तरी सांगत नाही.' किती वेळा आढळला: 'रोज.' सुधारणा: 'शेक देईन. आता प्रत्येक नाटकाला येईन.'

अकबरभाईंनी तो फॉर्म मला परत दिला नाही. घडी घालून पाकिटात ठेवला, तिकिटांच्या फाडून उरलेल्या तुकड्यांसोबत.

शुक्रवारी सकाळी कामावर निघताना मी चष्मा उचलला, तर त्याच्या काडीला लाल चिठ्ठी बांधलेली! 'रिजेक्ट.' अक्षर यशश्रीचं, आणि तपासणाऱ्याच्या जागी सही आमच्या सौ.ची. दोष दुरुस्त झाल्याशिवाय लाल चिठ्ठी काढायची नाही, असा आमच्या कारखान्याचा नियम आहे. त्यामुळे सध्या मी ती कानामागे खोचून फिरतो.